उभ्या बसचं वळण

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत रुजू झालो त्या सकाळी मला ओळखपत्र मिळालं, पायात न मावणारे सेफ्टी शूज मिळाले आणि ‘वर जाऊन निमकर मॅडमना भेट’ असा हुकूम मिळाला. वर गेलो. मॅडमनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, एका फिरत्या खुर्चीत बसवलं आणि कॅन्टीनमधला नॅपकिन माझ्या डोळ्यांवर बांधला. मग त्या मला फिरवू लागल्या. सावकाश, एका लयीत, जात्यावर बसल्यासारख्या.

“कुठे फिरतोयस?”

“उजवीकडे, मॅडम.”

थोडा वेळ गेला. “आता?”

“आता थांबलोय.”

आजूबाजूला कुणीतरी फिसकन हसलं. पुन्हा थोडा वेळ गेला. खुर्चीला एक बारीकसा झटका बसला. “आणि आता?”

“आता डावीकडे फिरवताय.”

नॅपकिन सुटला. मॅडम खुर्चीपासून चार हात लांब, टेबलाला टेकून उभ्या होत्या. खुर्ची जागच्या जागी होती. मी थांबलोय म्हणालो तेव्हा ती फिरत होती आणि डावीकडे फिरतोय म्हणालो तेव्हा ती थांबलेली होती, असं मला सांगण्यात आलं.

“दोनदा खोटं बोललास,” मॅडम म्हणाल्या, “आणि अगदी मनापासून बोललास. तुझा दोष नाही. माणसाच्या कानात आत थोडं पाणी असतं, ते फिरायला उशिरा लागतं आणि थांबायलाही उशिरा थांबतं. आपण जे यंत्र बनवतो तेही असंच मनापासून खोटं बोलतं. त्याच्यावर रागवायचं नाही आणि त्याच्यावर विश्वासही ठेवायचा नाही. चहा घेतोस?”

विभागात आलेला प्रत्येक माणूस या खुर्चीतून गेलेला होता. हिशेब तपासायला आलेले गृहस्थ गेले होते, पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणारा गेला होता. आमचे प्लँटप्रमुख घाटगे साहेबही गेले होते. ते त्या दिवशी मिसळ खाऊन आले होते आणि त्यापुढचं कंपनीत कुणी उघडपणे बोलत नाही.

सुमती निमकर या बाई दिसायला चारचौघींसारख्या. बुटक्या, सुती साडी, साडीखाली काळे सेफ्टी शूज, एसीमुळे बाराही महिने अंगात एक तपकिरी स्वेटर. एक चष्मा नाकावर आणि दुसरा डोक्यावर. कामाच्या भरात दोन्ही सापडत नसत. निगडी प्राधिकरणातून स्कूटरवर येत. वळताना त्या इंडिकेटर तर लावतच, शिवाय हातही काढत. मी एकदा म्हणालो, इंडिकेटर असताना हात कशाला? तर म्हणाल्या, “एकाचं कोण ऐकतं? दोन वेगवेगळ्या यंत्रांनी एकच सांगितलं की समोरचा मानतो.” तळवडे चौकात ट्रकवाले त्यांना खरोखरच वाट देत. तो इंडिकेटरचा प्रभाव होता की हाताचा, की हातामागच्या चेहऱ्याचा, हे मला ठरवता आलेलं नाही.

आमच्या विभागात तीन अमोल होते. त्यावर मॅडमनी उपाय काढला होता तो म्हणजे गावाच्या नावानं हाक मारायची. मी बार्शी. माझ्या शेजारी उदगीर बसायचा आणि खिडकीपाशी चिपळूण. “बार्शी, जरा उदगीरकडची फाइल चिपळूणला दे,” असं वाक्य आमच्याकडे कुणाला विनोदी वाटत नसे.

काम काय होतं ते सांगायला हवं, कारण घरच्यांना ते मी कधीच नीट सांगू शकलो नाही. शर्टाच्या बटणाएवढं एक कडं असतं, एका विशिष्ट स्फटिकाचं. या स्फटिकाला वीज दिली की तो हलतो आणि तो दाबला की उलट थोडीशी वीज देतो. विजेनं हे कडं सतत थरथरत ठेवायचं, माणसाच्या कानाला ऐकूच येणार नाही इतक्या उंच सुरात. गाडी सरळ चालली असेल तर थरथर सरळ राहते. गाडी वळली की थरथर किंचित आडवी सरकते आणि तेवढ्यापुरती वीज येते. ती मोजली की गाडी किती वळतेय ते कळतं. ओल्या रस्त्यावर बस घसरून आडवी होऊ लागली तर तिच्या ब्रेकला ते आधी कळावं आणि त्यानं योग्य ते चाक आवळावं, यासाठी हा सगळा खटाटोप.

खालच्या मजल्यावर हे कडं बनायचं आणि वरच्या मजल्यावर मॅडम त्याचं गणित बनवायच्या. कडं मे महिन्यात कसं वागेल, गतिरोधकावर कसं वागेल, म्हातारं झाल्यावर किती खोटं बोलेल, हे सगळं आधीच संगणकात उभं करायचं. कड्यात आणि गणितात फरक पडला की घाटगे साहेब संशयानं गणिताकडे बघत आणि मॅडम संशयानं कड्याकडे. जुळत नाही तिथे एखादा आकडा घुसडून जुळवून घेण्याची पद्धत सगळीकडे असते. मॅडमनी त्या आकड्याला हिंग असं नाव ठेवलं होतं. “यात कुणीतरी हिंग घातलंय,” असं त्या पडद्यावर नजर टाकून म्हणत, आणि उदगीर खाली मान घालत असे.

त्यांचं एक लाडकं वाक्य होतं: “आधी उभं असताना काय म्हणतं ते बघ.” म्हणजे कडं टेबलावर ठेवायचं, काहीही हलवायचं नाही, आणि ते किती वळतंय म्हणतं ते पाहायचं. ते शून्य कधीच म्हणत नसे. थोडं काहीतरी म्हणेच. ते थोडं काय, का, आणि ते उद्याही तेवढंच राहील का, यात मॅडमचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पुढे पुढे त्यांनी हे माणसांनाही लावलं. घाटगे साहेब सकाळी रागावून आले की त्या म्हणत, “थांब, हे त्यांचं शून्य आहे. हे वजा केलं की आज ते खुशीत आहेत.” माझं लग्न ठरवायचं चाललं होतं तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं, “मुलगी काय बोलते ते सगळेच बघतात. तू ती गप्प बसल्यावर काय करते ते बघ.” मी बघितलं. ती गप्प बसून माझ्याकडेच बघत होती. पुढे कळलं की तिच्या मावशीनंही तिला तेच सांगितलं होतं. आम्ही दोघं अजूनही अधूनमधून गप्प बसून एकमेकांकडे बघतो.

संध्याकाळी प्राधिकरणातल्या बागेत मॅडम फिरायला जायच्या. बागेतला रस्ता गोल, आणि सगळी ज्येष्ठ मंडळी एकाच दिशेनं फिरणारी. मॅडम निम्म्या फेऱ्या सगळ्यांबरोबर मारायच्या आणि निम्म्या उलट. एकाच अंगाला वळत राहिलं की चूक साठत जाते, उलट फिरलं की ती फिटते, असं त्यांचं म्हणणं. उलट फेऱ्यांच्या वेळी समोरून सगळं मंडळ अंगावर यायचं. त्यांच्यामागे त्यांचे यजमान निमकरकाका “माफ करा, माफ करा” म्हणत चाललेले असत. काका शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, आवाज मऊ, त्यामुळे निभावून जाई.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं आमचं कडं आपल्या बसमध्ये बसवायचं मनावर घेतलं होतं. त्यांची माणसं येऊन चाचणी घेणार होती. गणित आणि कडं जुळलं तर काम आमचं. नाही जुळलं तर ते तयार कडं बाहेरून मागवणार आणि आमचा विभाग बंद होणार. आम्हा पोरांना दुसरीकडे नोकऱ्या मिळाल्या असत्या. मॅडम मार्चमध्ये निवृत्त होत होत्या. आपल्या गणितातून निघालेलं कडं एका तरी खऱ्या गाडीत बसून रस्त्यावर जावं, एवढंच त्यांना हवं होतं. आधीचे त्यांचे सगळे प्रकल्प कुठल्या ना कुठल्या कपाटात जाऊन संपले होते. हे त्या बोलून दाखवत नसत, पण त्या कपाटांजवळून जाताना त्यांची चाल बदलायची.

चाचणीसाठी आम्ही किसन येळवंडे यांची बस घेतली होती. किसनदादा निघोज्याचे. जमीन कंपन्यांत गेली, त्या पैशातून त्यांनी बस घेतली आणि ती आमच्याच कंपनीला कामगारांची ने-आण करायला लावली. बसवर त्यांचा जीव. पावसात आधी बसच्या काचा लागतात, मग घराच्या, असं त्यांची बायको म्हणे. ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली आम्ही आमच्या कड्याचा डबा बसवला तेव्हा त्यांनी तिथे आधी स्वच्छ फडकं अंथरलं होतं.

बस रस्त्यावर होती तोवर सगळं मॅडमच्या गणिताप्रमाणे. मग एका सकाळी चिपळूण बसमधली नोंद उतरवून घेऊन आला आणि म्हणाला, “मॅडम, बस वळतेय.”

“कुठे?”

“कुठेच नाही. ती तर पार्किंगमध्ये उभी आहे.”

आलेख पाहिला. गेटपाशी कडुनिंबाखाली उभी असलेली बस हळूहळू डावीकडे वळत होती, मध्येच विसावत होती, पुन्हा वळत होती. सगळे हसलो. दुसऱ्या दिवशीही ती तशीच वळली तेव्हा हसू कमी झालं. तिसऱ्या दिवशी घाटगे साहेब वर आले.

पुढचे काही दिवस विभागात जे चाललं ते एखाद्या घरात भूत शिरल्यावर चालतं तसं होतं. ऊन लागतंय म्हणून बसवर ताडपत्री घातली. जमीन कललेली असेल म्हणून चाकांखाली विटा लावल्या. उदगीर म्हणाला पृथ्वीच फिरतेय, तिचं असेल; मॅडमनी त्याला पृथ्वीचा वाटा काढून दाखवला, तो इतका बारीक होता की उदगीर ओशाळला. डबा वर आणून टेबलावर ठेवला की कडं शहाण्यासारखं वागायचं. बसमध्ये नेलं की पुन्हा वळायला लागायचं. इंजिन सुरू झालं की थांबायचं.

“मॅडम,” घाटगे साहेब म्हणाले, “सरासरी काढा आणि वजा करा. तारीख जवळ आलीय. थोडंसं…”

“हिंग?”

“तुम्ही त्याला काहीही म्हणा.”

“अहो घाटगे, ड्रायव्हर चावी लावतो तेव्हा बस आधी स्वतःचं शून्य धरते आणि मग इंजिन सुरू होतं. उभ्या बसनं खोटं शून्य धरलं तर ते ती रस्त्यावर घेऊन जाणार. नाशिक रोडला सरळ चाललेल्या बसला वाटणार की आपण वळतोय. ती एक चाक आवळणार. आत माणसं बसलेली असणार. आज मी सरासरी वजा केली आणि उद्या हे जे काय आहे ते नसलं, तर माझंच हिंग तिला वळवणार.”

घाटगे साहेब खाली गेले. मी त्यांना दोष देत नाही. वरून त्यांना रोज फोन येत होते.

उकल सुरू झाली ती मॅडमच्या घरातून. रविवारी निमकरकाका तंबोरा लावत बसले होते. दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या पण पुरत्या आल्या नाहीत की त्यांच्यात एक संथ हेलकावा ऐकू येतो. मॅडम स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. त्या सुरी घेऊनच बाहेर आल्या आणि काकांना म्हणाल्या, “थांबा. लावू नका. असाच राहू द्या.” काका सांगतात की त्यांनी घाबरून तंबोरा खाली ठेवला.

सोमवारी त्या आल्या त्या हेच बोलत. बसचा आलेख म्हणजे तो हेलकावाच होता. बस वळत नव्हती. कड्याच्या शेजारी कुणीतरी जवळजवळ त्याच सुरात गात होतं, आणि कडं गोंधळून त्याला वळण समजत होतं. गणितात एक परका सूर घालून पाहिला तर आलेख हुबेहूब उतरला.

“पण गातंय कोण?” मी विचारलं.

“आपल्याला ऐकू येणार नाही. ज्याला ऐकू येतं त्याला विचारायला हवं.” असं म्हणून त्या खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ खाली बघत राहिल्या. “बार्शी, जनरल हल्ली कुठे झोपतो?”

जनरल हा आमच्या गेटवरचा कुत्रा. सकाळी जनरल शिफ्टला यायचा आणि संध्याकाळच्या बस सुटल्या की निघून जायचा, म्हणून ते नाव. दुपारची झोप तो कित्येक महिने किसनदादांच्या बसखाली काढत आला होता. मी वाकून पाहिलं. तो लांब, उन्हात, एका ट्रकच्या टायरला चिकटून पडला होता आणि बसखालची गार सावली रिकामी होती.

पुढचा तास कंपनीच्या इतिहासात राहील. निवृत्तीला आलेल्या आमच्या वरिष्ठ अभियंता बाई भर दुपारी, साडीचा पदर खोचून, हातात ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणि खडू घेऊन बसभोवती फिरत होत्या. बिस्कीट टाकायच्या, जनरल पुढे यायचा, एका ठिकाणी थबकायचा, कान मागे पाडायचा आणि बिस्किटाकडे दुःखानं बघत मागे फिरायचा. तो थबकला तिथे मॅडम खडूनं खूण करायच्या. मागून पुष्कळ जवळ येत होता, पुढून अजिबात नाही. वरच्या खिडकीतून घाटगे साहेबांनी मला फोन केला.

“मॅडमची तब्येत बरी आहे ना?”

“कुत्र्याची चाचणी घेतायत, सर.”

“बरं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज फार दमलेला होता.

खडूच्या खुणा जोडल्या तेव्हा बसभोवती एक वेडावाकडा लंबगोल तयार झाला. तो ड्रायव्हरच्या सीटपाशी सगळ्यात फुगला होता. मॅडम आत चढल्या, मागच्या सीटखाली हात घातला आणि कड्याच्या डब्याला खेटून बसवलेली एक पांढरी डबी बाहेर काढली. तिच्यावर लाल दिवा लुकलुकत होता.

किसनदादा दारात उभे होते. त्यांचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं.

“ते उंदराचं यंत्र हाय, मॅडम,” ते म्हणाले. “उंदरांना त्याचा आवाज सोसत न्हाई म्हनं. पुतण्यानं बसवून दिलं. गाडी हुबी आसंल तवाच चालतं, इंजन चालू झालं की बंद व्हतंय.”

“बसला काही लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना, दादा?”

“व्हय. पर कॅन्टीनमागं उंदरं लई झाल्यात. माझी वायरिंग मागं खाल्ली, ती मी सोसली. तुमच्या डब्याची वायर खाल्ली आसती तर? तुमी इतकं दिस राबताय. म्हनून त्याच्याजवळच लावलं, आगदी चिकटून.”

मला वाटलं आता बोलणी बसणार. मॅडम म्हणाल्या, “बंद करा.” बंद केलं. लॅपटॉपवर बस थांबली. “चालू करा.” बस डावीकडे वळू लागली. “बंद. चालू. बंद.” पाचसहा वेळा झाल्यावर त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसत हसत सुटल्या. किसनदादांना काय चाललंय ते कळेना, पण तेही हसू लागले. जनरल बसखाली जाऊन झोपला.

घाटगे साहेब धावत खाली आले. “सापडलं? उत्तम. काढून टाका. विषय संपला.”

“विषय आत्ता सुरू झाला,” मॅडम म्हणाल्या.

मला हा भाग नेहमी आठवतो, कारण इथे गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. डबी काढली असती तर चाचणी आरामात पार पडली असती. पण मॅडमचं म्हणणं असं की ही बस महाराष्ट्रभर जाणार, आणि उंदीर नाहीत असं गाव त्यांना कुणी दाखवावं. ज्याचा बसवर जीव आहे तो ड्रायव्हर हे यंत्र लावणारच, आणि आपल्या डब्याची काळजी करणारा असेल तर डब्याजवळ लावणार. तेव्हा कड्याची जाडी बदलून त्याचा सूर या यंत्राच्या सुरापासून लांब न्यायचा, डब्याला आतून रबराचं अस्तर द्यायचं, आणि चाचणी उंदराचं यंत्र चालू ठेवून द्यायची. त्यासाठी तारीख पुढे ढकलायला हवी होती. ढकलायला गेलो तर ते लोक काम काढूनही घेऊ शकत होते.

“मॅडम, तुम्ही मार्चमध्ये जाल,” घाटगे साहेब हळू आवाजात म्हणाले. “मी इथेच असणार आहे.”

“म्हणूनच सांगतेय.”

साहेबांनी खिशातून फोन काढला आणि कडुनिंबाखाली जाऊन मुदत मागितली. एकदाच मिळेल, असं उत्तर आलं. त्या क्षणापासून मी त्यांच्या मिसळीवर हसणं सोडून दिलं.

चाचणी झाली ती फेब्रुवारीच्या शेवटी. पाहुण्यांमधले प्रमुख गृहस्थ फार कमी बोलणारे होते. बस उभी होती, कडं शून्यावर होतं. मॅडमनी किसनदादांना विचारलं, “यंत्र चालू आहे ना?”

“दोन लावल्यात, मॅडम. एक कशाला?”

शून्य हललं नाही. मग बस रस्त्यावर गेली, वळली, मुद्दाम ओल्या केलेल्या पट्ट्यावर घसरली, सावरली. कागदपत्रांची पाहणी चालू असताना त्या गृहस्थांनी गणितातल्या एका पदावर बोट ठेवलं. तिथे पायथ्याशी ‘उं’ असं लिहिलेलं होतं. हे काय, त्यांनी विचारलं. “उंदीर,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी तो शब्द गंभीरपणे लिहून घेतला. त्यांच्या कंपनीच्या कागदांत आजही ते पद त्याच नावानं आहे.

मार्चमध्ये मॅडम निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ आणि भाषणं झाली. घाटगे साहेबांनी ती फिरती खुर्ची अधिकृतपणे भंगारात काढून त्यांना भेट दिली आणि स्वतः उचलून टेम्पोत चढवली. बोलायला उभ्या राहिल्यावर मॅडम म्हणाल्या, “माझं कडं अजून रस्त्यावर गेलेलं नाही. गेलं की मला कळवा.” आणि बसल्या.

ते रस्त्यावर जायला वर्षाहून जास्त काळ लागला. त्याच्या जरा आधी मॅडमचा फोन आला. “बार्शी, माझं शून्य हललं.”

घरी गेलो. त्या पलंगावर भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. कानातला काहीतरी दोष. नुसतं बसलं, मान वळवली, डोळे मिटले तरी खोली फिरू लागायची. पहिल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. “हिंग दिलंय,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी दोष नेमका शोधला, डोकं विशिष्ट तऱ्हेनं वळवून व्यायाम सुरू केले. बरं होईल पण वेळ लागेल, म्हणाले. तोवर मॅडमचं खाली उतरणं बंद झालं होतं. बाग बंद, स्कूटर बंद. कोपऱ्यातल्या त्या फिरत्या खुर्चीवर चादरीच्या घड्या ठेवलेल्या होत्या.

“मला भीती वाटते रे,” त्या म्हणाल्या. “पाऊल टाकताना जमीन आहे की नाही तेच कळत नाही.” मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. काकांनी चहा आणला.

आणि मग किसनदादांनी नवी बस घेतली. आमचं कडं आतमध्ये बसूनच कारखान्यातून निघालेल्या पहिल्या खेपेतली. तिची पूजा त्यांनी अडवून धरली. “मॅडमच्या हातानं नारळ फुटल्याबिगर आमी गाडी धंद्याला लावनार न्हाई,” असं मला सांगून ते बस घेऊन सरळ प्राधिकरणात गेले. मला लॅपटॉप घेऊन यायला सांगितलं होतं. त्या अरुंद गल्लीत बस उभी राहिल्यावर दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांत माणसं आली.

मॅडम खाली उतरल्या. एक हात कठड्यावर, दुसरा काकांच्या खांद्यावर, प्रत्येक पायरीवर थांबत. अंगात तोच तपकिरी स्वेटर होता. नारळ फोडायला वाकता येईना तेव्हा त्यांनी नारळाला नुसता हात लावला आणि काकांनी तो फोडला. झेंडूच्या हाराखालून त्या बसमध्ये चढल्या आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, बरोब्बर डब्याच्या वर, खिडकीशी बसल्या. बसल्याबरोबर त्यांनी पुढची दांडी घट्ट पकडली.

“फिरतंय,” त्या म्हणाल्या. “सगळं डावीकडे फिरतंय.”

काका पुढे झाले. मॅडमनी मान न हलवता त्यांना थांबवलं. डोळे मिटले.

“बार्शी, गाडी काय म्हणतेय?”

मी लॅपटॉपकडे पाहिलं. “शून्य, मॅडम.”

“किसनदादा, उंदराचं यंत्र चालू आहे?”

“दोनी चालू हायती, मॅडम.”

त्यांचे ओठ हलत होते, मनात काहीतरी वजा करत असाव्यात. मग दांडीवरची पकड सैल झाली.

“म्हणजे मी उभी आहे,” त्या म्हणाल्या आणि डोळे उघडले. “चला किसनदादा. एक चक्कर मारून आणा.”

काका त्यांच्या शेजारी बसले. मी वायर काढून खाली उतरलो, मला कंपनीत जायचं होतं. ती आमची शेवटची भेट. पुढे ती दोघं मुलीकडे नागपूरला राहायला गेली. मॅडम आता बऱ्या आहेत आणि तिथल्या बागेतही काका माफी मागत फिरतात, असं फोनवर कळतं.

त्या दिवशी मी गल्लीत उभा राहून बस जाताना पाहत होतो. किसनदादांनी ती इतकी हळू नेली की शेजारून एक सायकलवाला पुढे गेला. कोपरा आला. बसचा उजवा इंडिकेटर लुकलुकू लागला. मागोमाग ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीतून तपकिरी बाहीतला एक हात पुरता बाहेर आला आणि बस उजवीकडे वळून दिसेनाशी होईपर्यंत तसाच राहिला.